दादाच्या शेवटच्या गाडीचं पासिंग

चहा आधी संपवून घ्या. खरंच सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या पप्प्याच्या नाकातून चहा आला आणि माझा एकुलता एक पांढरा शर्ट गेला. तसा तो शर्ट निम्मा आधीच गेला होता, पण ते पुढे येईल.

आपण गाढव आहोत हे प्रत्येकाला अधूनमधून वाटतंच. पण आपण किती पक्के गाढव आहोत हे कळायला चार माणसं घरी जमावी लागतात, खीर शिजावी लागते आणि आपलं डोकं पलंगाखाली अडकावं लागतं. माझं हे सगळं एकाच दिवशी झालं.

तर माझा मोठा भाऊ सुमेध. आमचा दादा. बुटीबोरीला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. पुढे दोन लांब लोखंडी सुळे असलेली ती गाडी, माल उचलून वर रॅकवर ठेवते ना, ती. घरी आला, हातपाय धुतले, की प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या गाड्या बनवायला बसायचा. लहान पोरांचे असतात ते ठोकळे, एकमेकांत टचकन बसणारे. पण दादाच्या गाड्या नुसत्या शोकेसमध्ये बसणाऱ्या नव्हत्या. चालायच्या! स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायची. गाडी ढकलली की बॉनेटखाली पिस्टन वरखाली नाचायचे. एका गाडीला वायपर होता, तो चाकांवर चालायचा. गाडी हळू तर वायपर हळू, गाडी जोरात तर वायपर असा फडफडायचा की जणू नागपूरभर पाऊस पडतोय. मोटार नाही, सेल नाही. सगळी करामत छोट्या गिअरची आणि दांड्यांची.

आणि मी? मी सहावीनंतर शाळेकडे पाहिलं नाही, शाळेनंही माझ्याकडे पाहिलं नाही. सदरमध्ये एका दुचाकीच्या गॅरेजात मिस्त्री आहे. हे नीट ध्यानात ठेवा. दुचाकीच्या. माझ्या अकलेला दोनच चाकं आहेत, आणि त्यातलं वळतं ते पुढचं.

दादाची गाडी तयार झाली की आमच्या घरी तिचं पासिंग व्हायचं. आरटीओ कोण? आई! नियम दादानंच केलेला. गाडी नुसती देखणी असून भागायचं नाही, आई सांगेल ते काम तिनं करून दाखवायचं. जीपला स्प्रिंग बसवले तेव्हा आईनं टेबलावर लाटणं आडवं ठेवलं, जीपच्या टपावर एक उकडलेलं अंडं ठेवलं आणि म्हणाली, "हां, चालव आता." जीप लाटण्यावर चढली, डुलली, उतरली. अंडं जागेवर! आई म्हणाली, "पास." मग ते अंडं दादाचं. गाडी नापास झाली तर अंडं माझं. दादा सुरुवातीला बराच नापास व्हायचा. माझी ही जी तब्येत दिसते ना, ती त्या काळातली आहे.

यंदा पावसाळा सरता सरता दादाला डेंग्यू झाला. आणि दादा गेला.

एवढंच सांगतो. याच्यापुढे बोलायला लागलो तर किस्सा राहील बाजूला.

तापातसुद्धा तो एक गाडी जोडत बसला होता. मी ओरडायचो, "झोप ना गा आता!" तो म्हणायचा, "झोपतो. हे चाक बसू दे." दवाखान्यात नेलं तेव्हा ती गाडी अर्धीच होती. आईनं ती आणि सुटे भाग एका पिशवीत घातले आणि पिशवी कपाटावर ठेवली. नंतर आम्ही दोघांनीही तिला हात लावला नाही. घरात आवाजच राहिला नव्हता. आई भांडीसुद्धा वाजू न देता घासायची. एकच आवाज उरला होता. आईचे गुडघे गेलेत, दिवसभर पलंगावर बसून ती गोधडीचे टाके घालते, आणि तिचा चश्मा दिवसातून कितीदा तरी पलंगाखाली जातो. आधी ती आलटून पालटून हाक मारायची, "सुमेध, चश्मा!" "पिंट्या, चश्मा!" आता एकच नाव उरलं.

मग दादाचा वाढदिवस जवळ आला. आई म्हणाली, "खीर करू. त्याच्या कंपनीतल्या पोराईले बोलावून घे."

आता मी एखादी गोष्ट विचार करून बोललो असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. मी म्हणालो, "आई! दादाची शेवटची गाडी मी पुरी करतो. त्या दिवशी सगळ्याईच्या समोर पासिंग करू!"

आईची सुई थांबली. "तुले जमन?"

"मिस्त्री आहो ना मी!"

बोललो आणि लगेच स्टुलावर चढून पिशवी काढलीसुद्धा. आई अर्ध्या गाडीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "पलंगाखाली जाईन ना गा ते?"

मला प्रश्न जरा विचित्र वाटला. पण गाडी होतीच इतकी बुटकी की जमिनीला चिकटलेली. मी म्हणालो, "जाईन म्हणजे? सुसाट जाईन!"

आई हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सैल झाला. तेवढं मला पुरे होतं.

मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. सगळ्यांना एकदम दाखवायची होती ना! पिशवी रिकामी केली आणि माझा मिस्त्रीचा मेंदू सुरू झाला. बघा हं, तुम्हीच सांगा. लाल रंगाची, बुटकी, लांबट गाडी. म्हणजे काय? रेसिंगची गाडी! दोन लांब चपट्या पट्ट्या होत्या. रेसिंगच्या गाडीला मागे काय असतं? स्पॉयलर! एक लांबच लांब दांडी होती, टोकाला गोल मूठ. ती कशाची? एरियल! सगळं कसं पटापट जुळत गेलं. मलाच माझं कौतुक वाटलं.

मग मी स्टिअरिंग फिरवून पाहिलं.

मागची चाकं वळत होती.

पुढची दोन चाकं गप्प, ताठ. आणि मागची वळतायत! पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. शिवाय मागच्या बाजूला, डिकीच्या जागी, ठोकळ्यांमध्ये लोखंडी नट कोंबलेले. चांगले जड. रेसिंगच्या गाडीत नट कोण भरतं?

मी खाली बसलो. मला कळलं काय झालं ते. ताप. माझ्या दादानं तापात गाडी उलटी जोडली होती. ज्यानं आयुष्यात एक गिअर चुकीचा बसवला नाही, त्यानं पुढचं मागे केलं होतं, हाताला लागले ते नट भरून ठेवले होते, आणि मी शेजारी बसून त्याला 'झोप' म्हणून ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात पप्प्याला सांगितलं. पप्प्या माझा जोडीदार मिस्त्री.

"पप्प्या, कोणाले सांगू नको. दादाची शेवटची गाडी चुकली बे."

"सुमेध भाऊची? होऊच शकत नाही."

"ताप होता ना त्याले. मागची चाकं वळून राहिली."

पप्प्यानं डोळे मिटून विचार केला. त्याच्याही अकलेला दोनच चाकं. "मागची वळून राहिली? मंग चुकलीच गा."

"कंपनीतले सगळे येऊन राहिले. ते पाहतीन आन म्हणतीन, शेवटी शेवटी त्याले काही उमजत नव्हतं. मी असं होऊ देणार नाही."

"मंग?"

"मंग काय? सरळ करतो!"

आणि बसलो ना सरळ करत. रोज संध्याकाळी गॅरेजातून आलो की दार लावून आत. ठोकळे काढायचे, घालायचे, आपटायचे. स्टिअरिंगचा सगळा भाग उचकटला आणि पुढे आणला. तो पुढे बसेना, म्हणून पुढचं तोंड तोडलं. तोंड तोडल्यावर गाडी मोडक्या दातासारखी दिसायला लागली, म्हणून बॉनेट केलं. पट्ट्या मागे स्पॉयलर म्हणून उभ्या लावल्या. एरियल टपावर खोचलं. नट काढून खिशात टाकले आणि गॅरेजात नेले. चांगले नट होते हो, वाया कशाला घालवायचे? त्यातला एक आज सदरमध्ये कोणाच्या तरी मडगार्डला असेल.

आई दाराबाहेरून विचारायची, "पिंट्या, काच सांभाळजो हं. काच फुटाले नको."

मला वाटायचं, शोकेसची काच. मी आतून ओरडायचो, "नाही फुटत वं!"

"आन जागेवर फिरते ना?"

"फिरते, फिरते!" मला वाटायचं, चाकं.

वाढदिवस आला. मी पांढरा शर्ट घातला. समोरच्या खोलीत दादाचा फोटो, हार, मेणबत्त्या. कंपनीतली पाच-सहा माणसं आली. त्यांत नरेशदादा, दादाच्या बरोबरीचा फोर्कलिफ्टवाला, दारातून आत यायला त्याला जरा तिरकं व्हावं लागतं इतका रुंद. पप्प्या होता. त्रिशरण-पंचशील झालं. खीर झाली. मी टेबलावर लाटणं आडवं ठेवून दिलं होतं आणि स्वयंपाकघरात एक अंडं उकडून तयार ठेवलं होतं. पासिंग म्हणजे अंडं, हे ठरलेलंच.

रुमाल टाकून झाकलेली गाडी मी फोटोसमोर आणली आणि भाषण ठोकलं. "ही दादाची शेवटची गाडी. त्यानं सुरू केली, म्या फक्त पुरी केली." रुमाल ओढला. लाल गाडी! स्पॉयलर! एरियल! पप्प्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. फक्त नरेशदादा मान वाकडी करून गाडीकडे पाहत होता, उलटं लावलेलं कॅलेंडर वाचावं तसा.

आई पलंगावर बसली होती. म्हणाली, "चला, पासिंग."

मी अंडं आणायला वळलो. तेवढ्यात आईनं काय करावं? डोळ्यांवरचा चश्मा काढला, पदरानं पुसला, घडी घातली, वाकून जमिनीवर ठेवला, आणि पायानं हळूच पलंगाखाली ढकलला. आत, पार आत.

"आण," आई म्हणाली.

"काय आणू?"

"चश्मा. गाडीनं आण."

मी गाडीकडे पाहिलं. गाडीनं माझ्याकडे पाहिलं. "गाडीनं?"

"मंग? सुमेध म्हणत होता, 'आई, पिंट्या दिवसभर गॅरेजात, मी बुटीबोरीले. तुह्या चश्म्यासाठी एक गाडी करतो. तू वरून दांडी धर, ते खाली जाईन आन चश्मा घेऊन येईन. तुले वाकायचं काम नाही.' ते होय ना हे?"

सगळी खोली माझ्याकडे पाहायला लागली. दादाच्या फोटोसकट.

आता शहाणा माणूस काय करेल? कबूल करेल. मी काय केलं? गाडी पलंगाखाली ढकलली! एरियल पलंगाच्या पट्टीला अडकलं आणि काडकन तुटून नरेशदादाच्या पायाशी आलं. गाडी मात्र सुसाट गेली, दिलेला शब्द पाळला तिनं. चश्म्याला धडकली, चश्म्याला घेऊन भिंतीवर आपटली आणि तिथे चारी चाकं वर करून पडली.

आईला चश्म्याशिवाय पलीकडचा माणूस दिसत नाही. ती अंदाजानं माझ्याकडे तोंड करून विचारत होती, "आणला काय गा? हं? आणला काय गाडीनं?"

तिचा हात तसाच पुढे केलेला, चश्मा घ्यायला. तो हात पाहून माझं डोकंच चालेना. आणि डोकं चालेनासं झालं की माझं तोंड चालतं. जे कोणालाच सांगायचं नाही म्हणून मी इतकी उरस्फोड केली होती, तेच मी भर खोलीत बोललो. "आई, दादाले ताप होता ना वं. त्यानं गाडी उलटी जोडली होती. मागची चाकं वळून राहिली होती. म्या सरळ केली."

नरेशदादा हळू आवाजात म्हणाला, "मागची वळून राहिली होती?"

"हो."

"आन मागं वजन होतं? लोखंडाचं?"

"नट होते. तुम्हाले कसं माहीत?"

"आन दोन लांब पट्ट्या?"

"त्या म्या स्पॉयलर..."

नरेशदादानं कपाळावर हात मारला. तो हात म्हणजे पाटाएवढा, आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "अबे, स्पॉयलर काय! फोर्क होय ते! त्यानं फोर्कलिफ्ट बनवली होती गा, फोर्कलिफ्ट! फोर्कलिफ्टची मागचीच चाकं वळतात! मागं वजन नसलं तर माल उचलताच तोंडावर पडते गाडी! आन पलंगाखाली जागा केवढी? मागून वळली तरच ते जागेवर फिरन. कॅन्टीनमध्ये दोन चमचे घेऊन त्यानं मले दाखवलं होतं. आन तू तिले रेसिंगची केली?"

बघा. माझा सख्खा भाऊ वर्षानुवर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. मला माहीत होतं. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. पण त्यानं आजवर कधी कामावरची गाडी घरी बनवली नव्हती, आणि तिची कुठली चाकं वळतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दादा चुकला नव्हता. ताप अंगात घेऊन त्यानं गिअरचा एक दात इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली की दोन्ही एकदम कुठे ठेवू कळेना. लपायला सगळ्यात जवळची जागा कोणती? पलंगाखालची! "मी आणतो चश्मा," म्हणालो आणि मारली डुबकी.

छाती आत गेली. खांदे अडकले. नापास झालेल्या गाड्यांची ती सगळी अंडी तिथे पलंगाच्या पट्टीखाली आडवी आली. ना पुढे, ना मागे. आत अंधार, जाळं, धूळ, आणि हातभर पलीकडे दादाची उलटी पडलेली लाल गाडी. मी तिथे थोडं रडून घेतलं. बाहेर फक्त माझे पाय होते, आणि पायांवरून कोणाला काय कळतं?

"पिंट्या, दिसला काय चश्मा?" वरून आई.

"डाव्या अंगाले आहे वं! पण मले वळता येऊन नाही राहिलं!"

आईचा आवाज, अगदी आरटीओचा: "नरेश, त्याले डावीकडं घे जरा."

नरेशदादानं माझ्या दोन्ही घोट्यांना धरलं. आणि वळवलं की मला! पाय उजवीकडे नेले, तसं माझं डोकं खाली डावीकडे फिरलं. जागच्या जागी!

"अजून थोडं!" मी आतून.

"येऊ दे, येऊ दे!" पप्प्या बाहेरून, ट्रक मागे घेतल्यासारखा.

"हात पुढं कर बे! दोन्ही! सरळ, फोर्कसारखे!" नरेशदादा.

मी दोन्ही हात पुढे केले. बोटं चश्म्याखाली सरकवली. उचलला.

"रिव्हर्स!" पप्प्या किंचाळला.

आणि तेव्हा वरून एक आवाज आला. पलंग हलायला लागला. मला वाटलं आई रडतेय. नाही हो. आई हसत होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मला ते दिसलं नाही, तोंडात जाळं होतं, पण पलंगाच्या पट्ट्या कुरकुरत होत्या आणि प्रत्येक हसण्याला वरून माझ्या टाळक्यात थोडी धूळ पडत होती. पडू दे म्हटलं.

नरेशदादानं घोट्यांना धरून मला बाहेर ओढलं. पांढरा शर्ट करडा, डोक्यावर जाळं, दोन हात पुढे ताठ आणि त्यांवर चश्मा. आईनं तो उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"पास," ती म्हणाली. "आता अंडं दे कोणी त्याले."

पास झाल्याचं अंडं मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. जरा खारट लागलं.

सगळे गेल्यावर मी आईला म्हणालो, "एकदा तरी आत येऊन पाहायचं ना वं, मी काय करून राहिलो ते!"

आई गोधडी घेऊन बसली होती. म्हणाली, "कायले? लय दिवसांनी घरात कोणी ठोकठोक करून राहिलं होतं. मले तेच ऐकायचं होतं."

आता नरेशदादा रविवारी येतो. आम्ही दोघं मिळून दादाची गाडी पुन्हा उभी करतोय. सुळे पुढे, वजन मागे. मी अजूनही सवयीनं स्टिअरिंग पुढे लावायला जातो आणि नरेशदादाचा पाटाएवढा हात माझ्या पाठीत बसतो. वेळ लागेल. तोपर्यंत चश्मा पडायचा थोडाच थांबतो?

तो पडला की आई आता माझं नाव घेत नाही. नुसतं म्हणते, "गाडी काढ गा." मी निमूट आडवा होतो, हात पुढे करतो, आणि ती पलंगावर बसल्या बसल्या पायानं माझे पाय ढकलून मला वळवते. मागून. बरोबर वळतो मी, सांगतो तुम्हाला.

फक्त काल आरटीओनं नोटीस दिली आहे. "पिंट्या, अंडी बंद कर आता. गाडी रुंद होऊन राहिली."